जुनी नाणी : मोडण्याआधी पुस्तक पाहा

स्वारगेटला एस.टी.तून उतरून पेठांत मालाच्या खरेदीला येणाऱ्या कित्येक व्यापारी बांधवांच्या घरी वडिलोपार्जित दोन-चार रुपये असतातच. अडचणीच्या वेळी ते चांदीच्या वजनावर मोडले जातात. कापडाचा ताका उलगडल्याशिवाय आपण भाव करीत नाही. मग नाण्याची प्रत न पाहता सौदा का करावा?

पुस्तक नाण्याप्रमाणे निवडावे. इंग्रजी अमदानीतील रुपयासाठी क्राउझ-मिशलर यांचा जागतिक नाण्यांचा कॅटलॉग उपयोगी आहे. त्यात एकाच नाण्याची प्रतीनुसार वेगवेगळी किंमत दिलेली असते. जुनी आवृत्तीही चालेल. भाव बदलतात, ओळख बदलत नाही. मराठेशाहीच्या नाण्यांसाठी महेश्वरी व विगिन्स यांचा १९८९ चा इंग्रजी ग्रंथ पाहावा. नाशिकजवळील अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेने तो काढला आहे.

मात्र परदेशी प्रतवारीची पुस्तके मुख्यतः यंत्रावर पाडलेल्या नाण्यांसाठी असतात. मोगल व पेशवाई रुपये हातोड्याने पाडलेले. ठसा मोठा, चकती लहान. म्हणून कडेची अक्षरे सुटतात. ती झीज नव्हे.

पेशवाईतील कित्येक रुपयांवरही मजकूर फारसीत व नाव दिल्लीच्या बादशहाचे आहे. उर्दू शिकलेल्याला ही लिपी परकी नाही. टांकसाळीचे नाव व जुलूसी सन वाचता आला, तर निम्मे काम झाले.

नाणे घासून चकचकीत करू नये, किंमत उतरते. आणि विकताना ऐब असेल तर आधी सांगावा. बरकत त्यातच आहे.