अर्जांचे फोल्डर आणि मुदतीच्या तारखा : छोट्या स्क्रिप्टचा उपयोग

स्क्रिप्ट म्हणजे काय, तर आपण हाताने करतो ती कामं क्रमाने लिहून संगणकाला दिलेली यादी. आज तिच्याकडून दोन कामं करून घेऊ : फोल्डर तयार करणं आणि तारखेची आठवण देणं. उदाहरण माहिती अधिकाराचं घेऊ.

२००५ च्या कायद्यानुसार अर्ज मिळाल्यापासून साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. त्यानंतर दुसरं अपील आयोगाकडे, ९० दिवसांत. एकच अर्ज असेल तर कॅलेंडरवर खूण करून भागतं. रस्ता, पाणी, रेशन असे पंधरा-वीस अर्ज झाले, की एखादी तारीख निसटते. मुदत टळल्यावर अपील घ्यायचं की नाही, हे आपण दिलेलं कारण समोरच्याला पटण्यावर राहतं.

आधी फोल्डर. एक्सेलमध्ये विषय, कार्यालय आणि अर्ज पोचल्याची तारीख लिहा. पायथॉनची दहा-पंधरा ओळींची स्क्रिप्ट ही यादी वाचून दर अर्जाचा फोल्डर करते. आत 'अर्ज', 'पोचपावती', 'उत्तर', 'अपील'. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे ते आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. 'फोल्डर आधीच असेल तर पुढे जा' हेही सांगा, नाहीतर दुसऱ्यांदा चालवताना ती तिथेच अडते.

आता तारखा. अर्ज १ जुलै २०२५ ला पोचला, तर ३० दिवस ३१ जुलैला भरतात. उत्तर नाही आलं, तर पहिल्या अपिलाची मुदत ३० ऑगस्टपर्यंत. महिना तीसचा की एकतीसचा, हे पायथॉन बघतो.

स्क्रिप्ट रोज सकाळी चालावी म्हणून विंडोजमध्ये टास्क शेड्युलर आहे, लिनक्समध्ये क्रॉन. इथे एक बारीक गोष्ट. 'बरोबर ७ दिवस उरले तर सांग' असं लिहिलं आणि नेमका त्या दिवशी संगणक बंद असला, तर आठवण येतच नाही. म्हणून '७ किंवा त्याहून कमी दिवस उरले तर रोज सांग' असं लिहायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. समजा, उत्तर १० जुलैलाच हाती आलं. मग अपिलाचे ३० दिवस तिथून सुरू होतात आणि मुदत ९ ऑगस्टला संपते. यादीत उत्तराची तारीख भरली नाही, तर स्क्रिप्ट आपल्याला ३० ऑगस्टच सांगत राहील, आणि आपण निर्धास्त! म्हणून 'उत्तर मिळाल्याची तारीख' हा रकाना हवाच, आणि पाकीट फोडल्याबरोबर तो भरायचा. दिवस मोजणं संगणकाचं काम. कुठून मोजायचं, हे आपणच सांगायला हवं.

घरी गेल्यावर तीन अर्ज घालून बघा, आणि आलेल्या तारखा एकदा कॅलेंडरवर बोटाने मोजून पडताळा.