पुराना किल्ल्याच्या पायथ्याशी

दिल्लीत पुराना किल्ल्याच्या तटाला लागून १७६ एकरांवर पसरलेलं राष्ट्रीय प्राणीसंग्रहालय १९५९ साली खुलं झालं. आराखडा जर्मनीच्या हागेनबेक घराण्याकडचा: गजांऐवजी खंदक, म्हणजे प्राणी मोकळ्यावर दिसावा.

अस्वलांपाशी गर्दी हमखास. आपल्या अस्वलाला वरचे मधले दोन पटाशीचे दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं, नाकपुड्या मिटून, म्हणजे माती आत जात नाही. शेजारी हिमालयी काळं अस्वल; छातीवरचा फिकट पट्टा मात्र दोघांनाही असतो.

चिंपांझी रीटा इथली लाडकी. अ‍ॅमस्टरडॅमला जन्मलेली ही मादी २०१९ मध्ये ५९ व्या वर्षी गेली. भारताच्या जंगलात मात्र चिंपांझीसारखा शेपूट नसलेला वानर एकच, ईशान्येतला हुलॉक गिबन.

आणि शंकर. झिम्बाब्वेने राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मांना भेट दिलेला हा आफ्रिकी हत्ती. सोबतची हत्तीण लवकरच गेली, आशियाई हत्तींशी त्याचं जमलं नाही, आणि कळपात राहणारा हा प्राणी वीसहून अधिक वर्षं एकटा राहिला. पायात साखळ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राणीसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेने याच कारणावरून दिल्लीचं सदस्यत्व स्थगित केलं, तेव्हा त्या साखळ्या निघाल्या. वर्षभरात, सप्टेंबर २०२५ मध्ये, तो मेला. राजनैतिक भेट म्हणून जिवंत हत्ती देण्याची चाल आता बंदच व्हायला हवी.

जायचं तर सकाळी लवकर जावं. शुक्रवारी सुट्टी असते. खाऊ मात्र पिशवीतच ठेवा.