रानवाटेवरचं घर – भाग ४ : दोघांच्या हातांनी वळेल अशी ट्रॉली

मागच्या आठवड्यात आपण मुक्कामाच्या जागा पाहिल्या. जंगलात रात्री थांबता येत नाही. म्हणून मोहर्लीपासून भामरागडपर्यंत गाडी लावायची ती गावात, ओळखीच्या अंगणात नाहीतर पर्यटक निवासाच्या आवारात, एवढं तेव्हा ठरलं. आता खुद्द गाडीकडे वळू. जीपच्या मागे जोडायची मालवाहू ट्रॉली घेऊन तिचं झोपायचं-स्वयंपाकाचं घर करायचं, तर ती कोणती घ्यावी?

माझं उत्तर अनुभवातून आलेलं आहे : पूर्ण सामान भरल्यावरही जी ट्रॉली सपाटीवर दोन माणसांना हातानं वळवता येईल, तीच घ्यावी.

माझी पहिली ट्रॉली तशी नव्हती. शेतीच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या धर्तीवर ती बांधून घेतली होती. जाड चॅनेल, तीन मिलिमीटरचा पत्रा, वर भरभक्कम लाकडी फर्निचर. वर्कशॉपमधल्या मिस्त्रीनं मला विचारलंही होतं, "भाऊ, इतकं लोखंड कायले घालता?" मला वाटलं, जंगलात जायचं तर गाडी दणकट हवी. त्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस आलापल्लीहून भामरागडला निघालो. पेरमिली मागे पडल्यावर एका नाल्याच्या रपट्यावरून पाणी वाहताना दिसलं. रपट्यावर पाणी असलं की गाडी घालायची नाही, हा इथला नियम. तो पाळला. पण मागे फिरायचं कसं? एकपदरी रस्ता, दोन्ही बाजूंना ओली माती. रिव्हर्स घेताना जीप डावीकडे वळवली की ट्रॉली उजवीकडे जाते, आणि दोन मीटरच्या आत मधोमध दुमडते. ट्रॉली सोडवून हातानं फिरवावी म्हटलं, तर ती तसूभर हलेना. अंधार पडायच्या सुमाराला जवळच्या टोल्यावरची सहा-सात माडिया माणसं धावून आली, सगळ्यांनी खांदा लावला, तेव्हा कुठे ती फिरली. त्यांच्यातला एक वयस्क माणूस दांडीवर हात ठेवून म्हणाला, "बंडी असती तं एकट्यानं वळवली असती."

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. दुसरी ट्रॉली घेताना मी बंडीपासूनच सुरुवात केली.

बंडी आणि रेंगी

आपल्याकडे गाडीचं काम ठरलं की मगच गाडीचं अंग ठरायचं. धान, तणस, सरपण आणायला बंडी. माणसं न्यायला, झटपट जाऊन यायला रेंगी, अंगानं लहान आणि हलकी. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला जाणारी कुटुंबं बंडीवर बांबूच्या ताट्यांचं छत घालायची, खाली तणस पसरून वर वाकळ टाकायची आणि वैनगंगेच्या काठी मुक्काम करायची. मालाची गाडी आणि झोपायची खोली या दोन गोष्टी एकत्र आणण्याची कल्पना आपल्याला बाहेरून आयात करायची गरजच नाही. त्या छताला कुणी सागाच्या फळ्या ठोकल्या नाहीत, ताट्याच लावल्या, कारण ओढणारा बैल घरचा होता आणि त्याच्या मानेची काळजी होती.

बंडीवाल्याला आणखी एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती म्हणजे तोल. मागे ओझं जास्त झालं की बंडी उलाळ होते. जू वर उचललं जातं आणि जोताचा पट्टा बैलाच्या गळ्याला काचतो. पुढे जास्त झालं की मान दबते. म्हणून पोती भरताना गाडीवान मधूनमधून दांडी उचलून अंदाज घेतो.

जीपच्या ट्रॉलीला हाच नियम जसाच्या तसा लागू आहे. एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या हुकावर यायला हवा. ट्रॉली ६०० किलोची असेल तर ६० ते ९० किलो. यापेक्षा कमी आला, म्हणजे ट्रॉली उलाळ झाली, तर वेग वाढताच तिची शेपटी डुलायला लागते आणि ती जीपलाही डोलवते. जास्त आला तर जीपचे मागचे पाटे बसतात, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल लागतं. हा भार मोजायला वजनकाट्यावर जावं लागत नाही. घरातला माणसांचं वजन करायचा काटा घ्या, त्यावर हुकाच्या उंचीइतका लाकडी ठोकळा उभा करा, ट्रॉली सपाट जागी उभी करून दांडी त्या ठोकळ्यावर टेकवा. समोर दिसेल तो आकडा. सामान भरण्याआधी, भरल्यावर आणि पाण्याची टाकी भरल्यावर अशा तीनदा मोजा.

याच कारणानं रिकामी ट्रॉली निवडताना आस कुठे बसवली आहे ते बघावं. आस अगदी मधोमध असेल, तर पुढे स्वयंपाकाचा ओटा आणि मागे टाकी अशी मांडणी तोल बिघडवते. आस मध्यापासून थोडी मागे असलेली ट्रॉली घरासाठी सोयीची, आणि पाण्याची टाकी नेहमी आसेच्या वर किंवा किंचित पुढे.

आधी पलंग मोजा

ट्रॉलीची लांबी-रुंदी ठरवताना लोक बाहेरून सुरुवात करतात. ती आतून करायला हवी, आणि आत सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे झोपायची जागा. वरोऱ्याच्या आनंदवनातले बाबा आमटे १९८५ मध्ये भारत जोडो अभियानासाठी कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले, तेव्हा पाठीच्या कण्याच्या आजारामुळे त्यांना बसता येत नव्हतं. उभं राहणं किंवा आडवं होणं, एवढंच शक्य होतं. तरुण सायकलींवर आणि बाबा गाडीत आडवे पडून, असा तो प्रवास झाला. आपल्याच जिल्ह्यातल्या या उदाहरणातून मी एक गोष्ट घेतली : गाडीतल्या घराचं माप माणसाच्या गरजेनं ठरतं. आपल्या गरजा त्या मानानं फार साध्या आहेत.

दोन माणसांना १.९ मीटर लांब आणि १.३ मीटर रुंद गादी पुरते. तिच्याभोवती २.४ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दीड मीटर उंच डबा बसतो. आत बसता येतं, झोपता येतं. स्वयंपाक मागचा दरवाजा वर उचलून बाहेर उभ्यानं करायचा. उभं राहता येईल इतकी उंची मागितली की वजन वाढतं, वारा लागतो आणि सागाच्या खाली झुकलेल्या फांद्या छताला घासतात. रुंदी जीपपेक्षा जास्त नको. चालकाच्या दोन्ही आरशांतून मागचा रस्ता दिसलाच पाहिजे, कारण आलापल्ली आणि आष्टीच्या रस्त्यावर खनिजाचे ट्रक मागून येतात आणि राजुरा-गडचांदूरकडे सिमेंटचे.

किलोचा हिशेब

वरच्या मापाच्या डब्याच्या भिंती आणि छप्पर मिळून सुमारे १५ चौरस मीटर पत्रा लागतो. माझ्या पहिल्या ट्रॉलीसारखा तीन मिलिमीटरचा लोखंडी पत्रा वापरला, तर नुसत्या पत्र्याचं वजन ३६० किलोच्या आसपास जातं. सव्वा मिलिमीटरचा लोखंडी पत्रा १५० किलो. दोन मिलिमीटरचं ॲल्युमिनियम जेमतेम ८५ किलो. फरक पावणेतीनशे किलोचा, म्हणजे चार मोठ्या माणसांचा, आणि तो अजून एक भांडंही आत ठेवण्यापूर्वीचा.

माझ्या आताच्या ट्रॉलीचा हिशेब असा. सांगाडा, आस आणि चाकं २०० किलो. भिंती-छप्पर ८५, त्यांच्या पट्ट्या ४५, बारा मिलिमीटर प्लायची जमीन ३०. आतलं अस्तर, पलंग आणि ओटा १२०. पाणी ६० लिटर, म्हणजे ६० किलो. बॅटरी आणि गॅस ४०. कपडे, भांडी, शिधा ६०. बेरीज ६४० किलो. आपल्याकडच्या मानकांत ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरचा सगळ्यात हलका गट आहे, आणि त्यावर साडेतीन टनांपर्यंतचा दुसरा. पहिल्या गटात राहायचं आणि वर शंभरेक किलोची सवड ठेवायची, असं मी धरून चालतो. सवड हवीच, कारण परतताना मोहाची फुलं, तांदूळ, एखादी बांबूची टोपली गाडीत येतेच.

काटकसर कुठे करायची नाही, हेही सांगतो. चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. उघड्या पत्र्याच्या डब्यात दुपारी दहा मिनिटं बसवत नाही. चाळीस मिलिमीटरचा घट्ट फोम सगळीकडे लावला तरी वजन वीस किलोच वाढतं. तसंच डासांच्या जाळीचं. गडचिरोलीत मलेरियाचा जोर राज्यात सर्वाधिक आहे. प्रत्येक खिडकीला आणि झरोक्याला बारीक जाळी ही चैन नाही. म्हणून ट्रॉली घेतानाच तिच्या दोन समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या कापता येतील का, मध्ये आधाराच्या पट्ट्या कुठे आहेत, ते पाहून ठेवावं.

खाली वाकून बघायच्या गोष्टी

डब्याचा रंग बघून ट्रॉली घेऊ नका. जमिनीवर पोतं अंथरा आणि खाली शिरा.

ट्रॅक्टरच्या बहुतेक ट्रॉल्यांना पाटे नसतात, आस थेट सांगाड्याला जोडलेली असते. ट्रॅक्टरच्या चालीला ते चालतं. जीपच्या मागे तेच धक्के कपाटांचे स्क्रू सैल करतात. तेव्हा पाट्यांची ट्रॉलीच घ्यावी, आणि पाटेही वजनाला साजेसे. दोन टनांचे पाटे सहाशे किलोखाली दबतच नाहीत, ट्रॉली उड्या मारते.

चाकं शक्यतो जीपच्याच मापाची. बोलेरो असेल तर २१५/७५ आर १५, आणि बोल्टांची भोकंही तीच. मग एकच स्टेपनी दोघींना चालते. एटापल्लीच्या पलीकडे वेगळ्या मापाचा टायर शोधत बसायची पाळी येऊ नये.

जुनी ट्रॉली असेल तर एक चाक जॅकवर उचलून हातानं फिरवा. घरघर आली तर बेअरिंग गेलं. दहा किलोमीटर ओढून आणा आणि हबजवळ हात न्या. एका बाजूचा हब दुसरीपेक्षा स्पष्ट गरम लागला, तर तिथे काहीतरी घासतंय. सांगाड्याचे सांधे छोट्या हातोडीनं ठोका. खणखणीत आवाज चांगला, बद्द आवाज म्हणजे आतून गंज. शेवटी भर दुपारी आत शिरून दार लावून घ्या आणि दोन मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. जिथून प्रकाशाचा ठिपका दिसेल, तिथून जुलैत पाणी येईल.

कागद

ट्रॉली हे कायद्यानं वेगळं वाहन आहे. तिची स्वतःची नोंदणी, स्वतःचा नंबर आणि स्वतःचा विमा लागतो. नवी घेताना विक्रीचं प्रमाणपत्र म्हणजे नमुना २१ आणि रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र म्हणजे नमुना २२ हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. जुनी घेताना सांगाड्यावर कोरलेला क्रमांक नोंदणीपुस्तकाशी अक्षर न अक्षर जुळवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. म्हणून खिडकीसाठी पत्रा कापण्याआधी, आणि जीपला हुक बसवण्याआधीही, आराखडा घेऊन परिवहन कार्यालयात जा. एमएच-३३ असो की एमएच-३४, आधी विचारलेलं बरं. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, त्यामुळे फिरतं घर ही कल्पना आता सरकारदरबारी नवी राहिलेली नाही. आणि ट्रॉली चालू असताना आत कुणीही बसायचं नाही, लेकरंही नाहीत आणि आजारी माणूसही नाही.

यंदा सप्टेंबरमध्ये पुन्हा त्याच रस्त्यानं गेलो. त्याच रपट्यावर पुन्हा पाणी होतं. मी जीप थांबवली, हुक काढला. बायकोनं दांडी धरली, मी मागून जोर लावला, आणि रस्त्याच्या मध्यावर ट्रॉलीनं जागच्या जागी अर्धा फेर घेतला. मग जीप वळवली, ट्रॉली जोडली आणि उजेड असतानाच पेरमिलीला परतलो. रात्री पाऊस छतावर वाजत होता आणि आम्ही आत कोरडे होतो.

पुढच्या आठवड्यात : आतलं अस्तर. चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या परिसरात रुजलेलं बांबूकाम ट्रॉलीच्या भिंतींसाठी कसं वापरायचं, आणि बांबूला भुंगा लागू नये म्हणून काय करायचं.