दिवाडीच्या सायकलफेरीची आखणी

सहलीला जाण्याचा आनंद सर्वांच्या वाट्याला येतो; सहल आखण्याचे काम मात्र एकदोघांच्याच गळ्यात पडते. आमच्या गल्लीने येत्या जानेवारीतील दुसऱ्या शनिवारी गोव्यातील दिवाडी बेटावर सामुदायिक सायकलफेरी काढण्याचे ठरविले आहे. नऊ कुटुंबे, एकतीस माणसे. सर्वांत धाकटा दहा वर्षांचा, तर सर्वांत थोरले अडुसष्ट वर्षांचे निवृत्त पोस्टमनकाका. एवढ्या मंडळींना बेळगावहून नेऊन, बेट दाखवून, अंधार पडण्याच्या आत चोर्ल्याचा घाट चढवून आणावयाचे आहे. आखणीचा भार आमच्याकडे आला, आणि ती करताना जे प्रश्न उभे राहिले ते केवळ सायकलींचे नव्हते. म्हणून ही हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हेच बेट का?

मांडवी नदीच्या पात्रात जुन्या गोव्यासमोर दिवाडी बेट आहे. आजही तेथे जावयाचे तर फेरीबोटीनेच जावे लागते. त्यामुळे मोठी रहदारी नाही, आणि शहरातील रस्त्यांवर मुलांना सायकल चालवू देण्यास धजावत नसलेल्या आईबापांना तेथे थोडा निर्धास्तपणा लाभतो. पिएदादची टेकडी सोडली तर रस्ते बहुतेक सपाट आहेत. दोन्ही बाजूंना खाजन शेते पसरलेली दिसतात. खाऱ्या पाण्यापासून बांध घालून सोडविलेली ही जमीन. बांधाला ठिकठिकाणी ‘मानस’ म्हणजे लाकडी दारे असतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडतात, भरती आली की बाहेरच्या दाबाने आपोआप मिटतात. खारेपणा सोसणारे कोरगुट जातीचे भात अशा शेतांत पिकते. पाठ्यपुस्तकातील भरती-ओहोटी येथे मुलांना दारावर काम करताना दिसेल.

दुसरे कारण याहून जुने आहे. गोव्याच्या कदंब राजांचे आराध्यदैवत श्रीसप्तकोटीश्वर मूळचे याच बेटावरचे. कदंबांच्या नाण्यांवरही या देवाचे नाव आढळते. चौदाव्या शतकात बहामनी आक्रमणात देवालयाचा विध्वंस झाला. विजयनगरच्या अमलात ते पुन्हा उभे राहिले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत पुन्हा पाडले गेले. तेव्हा भाविकांनी शिवलिंग नदीपलीकडे डिचोली महालात नेले. तेथील देवालयाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी दिली, आणि अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, त्याच देवालयाचा पुन्हा जीर्णोद्धार झाला. नारवे हे नाव आज दोन्ही तीरांवर आहे, आणि दोहोंच्या मध्ये फेरीबोट चालते.

बेळगावहून चोर्ला घाट उतरून केरी, साखळी, डिचोली या मार्गाने गेल्यास आधी हे अलीकडचे नारवे लागते. तेव्हा मार्ग असा ठरला : प्रथम देवदर्शन, मग नारव्याच्या फेरीबोटीने बेटावर, बेट सायकलींवरून ओलांडून दुसऱ्या फेरीबोटीने जुन्या गोव्यात. देव ज्या पाण्यावरून अलीकडे आले, त्याच पाण्यावरून आम्ही पलीकडे जाणार. इतिहास सांगण्यासाठी वेगळे व्याख्यान ठेवण्याची गरज उरली नाही.

पहिला वाद

पहिल्याच बैठकीत तरुण मंडळींनी बेळगावपासूनच सायकली हाणण्याचा प्रस्ताव मांडला. घाट उतरण्याची मौज, पहाटेचे धुके, शंभराहून अधिक किलोमीटरांचा पराक्रम! प्रस्तावात जोम होता यात शंका नाही. परंतु त्याप्रमाणे गेलो असतो तर एकतीसांचे सातच उरले असते, आणि ते सातही विशी-पंचविशीतले. बायका, मुले व वृद्ध यांना मागे ठेवून काढलेल्या फेरीला गल्लीची फेरी कसे म्हणावे? अखेर असे ठरले की माणसांसाठी मिनीबस व सायकलींसाठी टेम्पो करावयाचा. घाटाचा पराक्रम तरुणांनी दुसऱ्या एखाद्या रविवारी अवश्य करावा.

उलट्या क्रमाने वेळापत्रक

वेळापत्रक आम्ही शेवटाकडून आरंभाकडे आखले. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, आणि घाट उजेडीच चढून व्हावयास हवा. म्हणजे जुन्या गोव्यातून दुपारी तीनला निघाले पाहिजे. त्यासाठी सव्वादोनपर्यंत बेटाच्या दक्षिण धक्क्यावर पोहोचले पाहिजे. म्हणजे जेवण साडेबाराला पिएदादला. नारव्याची फेरीबोट नऊच्या सुमारास. आणि बेळगावातून प्रस्थान पहाटे पाचला. दोन्ही गाड्या आम्हांला नारव्यास सोडून रस्त्याने वळसा घेत जुन्या गोव्यास येऊन थांबतील. सकाळपासून मोजू लागले की प्रत्येक ठिकाणी ‘अजून वेळ आहे’ असे वाटते. संध्याकाळपासून मोजले की आपण खरोखर किती वेळेचे धनी आहोत ते कळते.

शनिवार निवडण्यासही कारण आहे. आमच्याकडे दुसऱ्या शनिवारी सरकारी कचेऱ्या बंद असतात. रविवारी सकाळी बेटावरील लोक प्रार्थनेसाठी चर्चकडे निघालेले असतात. त्यांच्या वाटेत एकतीस सायकलींच्या घंटा वाजविणे बरे नव्हे. ऑगस्टमधील बोंदेरामचा उत्सव, ज्यात वाड्यावाड्यांची निशाणे मिरवतात, प्रेक्षणीय खरा. पण त्या गर्दीत मुलांच्या सायकली सांभाळता येणार नाहीत.

शेवटच्या सायकलीचा वेग

आखणी कागदावर ठीक वाटली, तरी तिची परीक्षा रस्त्यावरच होते. म्हणून एका रविवारी पहाटे येळ्ळूरपर्यंत जाऊन येण्याची रंगीत तालीम केली. तरुण पुढे निघून गेले, मध्ये गृहस्थमंडळी, आणि सर्वांच्या मागे आठवीतील एक मुलगी. थोरल्या बहिणीला एके काळी शाळेतून मिळालेली जड सायकल ती चालवीत होती. साखळी गंजलेली, चढ आला की ती उतरून चालू लागे. तिची आई ब्लाऊज शिवून घर चालविते. नव्या सायकलीचा प्रश्नच नव्हता. परतल्यावर ती आमच्यापाशी आली आणि खालच्या मानेने म्हणाली, “सर, मी त्या दिवशी बसमध्येच बसते. माझ्यामुळे सगळ्यांना थांबावं लागतं.”

तिच्या मागे उभ्या असलेल्या दोघातिघांना ही सूचना सोयीची वाटली, हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होते. परंतु बस बेटावर जाणारच नव्हती. बसमध्ये बसणे म्हणजे बेट न पाहणे. आम्ही तिला एवढेच सांगितले की तालीम मोजण्यासाठीच होती, आणि तिचा वेग हाच फेरीचा वेग धरला जाईल. तो तासाला आठ किलोमीटर भरला. त्या हिशेबाने बेट ओलांडण्यास दोन तास धरले आणि थांबे त्याखेरीज. वेळापत्रक तरीही बसले. पोस्टमनकाकांनी तिची साखळी काढून रॉकेलात बुडविली, ब्रेकचे रबर बदलले, आसन बोटभर खाली घेतले. चाळीस वर्षे टपाल वाटलेल्या माणसाला सायकलीचे मन कळते.

त्यावरून रांगेचा नियम ठरला. सर्वांत पुढे पोस्टमनकाका. त्यांना ओलांडून कोणीही जावयाचे नाही. त्यांच्या लगेच मागे ती मुलगी व लहान मुले, कारण मागे पडणाऱ्यास पुढे ठेवले म्हणजे तो मागे पडत नाही. सर्वांच्या शेवटी गल्लीतील सर्वांत दणकट तरुण. त्याच्याजवळ पंप, पान्हे, जादा ट्यूब, पंक्चरचे सामान व औषधांची पेटी. त्याच्या मागे कोणी राहावयाचे नाही. मधली मंडळी सहासहांच्या तुकड्यांत, एकामागोमाग एक, आणि दोन तुकड्यांत गाडी जाईल एवढे अंतर.

फेरीबोटीची शिस्त

आपल्याला फेरीबोट म्हणजे गंमत. बेटावरच्या माणसाला ती रोजचा रस्ता आहे. कामावर निघालेला, दवाखान्यात चाललेला, शाळेला उशीर झालेला असा कोणीतरी प्रत्येक खेपेला असतोच. म्हणून आम्ही दोन खेपांत जाणार, आणि जागा कमी असेल तर थांबणार. धक्क्याचा उतार शेवाळाने निसरडा असतो. तेथे प्रत्येकाने सायकल हातात धरूनच चालावे. फेऱ्यांच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात.

बेटावर कोटितीर्थाचे तळे व पिएदादच्या टेकडीवरील चर्च ही दोन स्थळे ठेवली आहेत. टेकडीवरून मांडवीपलीकडे जुन्या गोव्यातील चर्चची शिखरे दिसतात. पलीकडे उतरल्यावर वाटेतच व्हाइसरॉयची कमान लागते. ती वास्को द गामाच्या पणतवाने आपल्या पणजोबांच्या स्मरणार्थ उभारली. पुढे ती ढासळली व १९५४ मध्ये पुन्हा बांधली गेली. देवालय, चर्च आणि कमान ही तिन्ही एका दिवसात पाहिलेल्या मुलाला इतिहासाविषयी प्रश्न पडतील. ते पडावेत हीच इच्छा.

वर्गणीचा प्रश्न

शेवटचा प्रश्न पैशांचा. माणशी समान वर्गणी असावी असे काहींचे म्हणणे होते, आणि हिशेबाला ते सोपेही होते. परंतु ज्या घरातून चौघे येणार आणि कमावणारे एकच, त्या घराने काहीतरी निमित्त सांगून नाव मागे घेतले असते, आणि खरे कारण कोणालाच कळले नसते. तेव्हा प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे पाकीट द्यावे, आकडा केवळ खजिनदारांस ठाऊक असावा, असे ठरले. उरलेली तूट गणेशोत्सवाच्या शिलकीतून भरण्यास मंडळाने थोड्या कुरकुरीनंतर संमती दिली. जेवण घरोघरचे : कोणाकडून भाकरी, कोणाकडून झुणका, कोणाकडून दहीभात. सारे एकत्र करून पंगत पिएदादला सावलीत बसेल. केरकचरा मात्र सोबतच्या पोत्यात भरून परत बेळगावला आणावयाचा.

वाचकहो, आपल्या गावाजवळ बेट नसेल, तर तलाव असेल, एखादे जुने देवालय असेल. सायकली काढा, आणि आखणीच्या वहीत पहिले नाव सर्वांत संथ चालविणाऱ्याचे लिहा. आमच्या वहीत ते लिहून झाले आहे. निघावयास आता तीन आठवडे उरले आहेत, आणि येळ्ळूरच्या रस्त्यावर अजून दोन तालमी व्हावयाच्या आहेत.