ओव्या आपल्या घरी, गप्पा गावोगावी

आमच्या बचत गटातल्या एका वहिनींनी सहा वर्षं खपून आजीबायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. ऐकली ओवी की मोबाइलवर टाइप करायची आणि एका समाजमाध्यमावर टाकायची. एके दिवशी सकाळी त्यांचं खातंच उघडेना. अर्ज केले, विनवण्या केल्या, उत्तर नाही. ओव्या सांगणाऱ्या दोन आजी तोवर देवाघरी गेलेल्या. ‘‘वहीत तरी लिहून ठेवायला हवं होतं हो,’’ वहिनी एवढंच म्हणाल्या.

मैत्रिणींनो, आपण सगळ्याच असं करतो. आपली ठेव दुसऱ्याच्या कपाटात ठेवतो आणि किल्लीही त्याच्याकडेच देतो. शिवाय कपाटवाला कधी दुकान बंद करील, सांगता येत नाही. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, गूगल प्लस २०१९ मध्ये.

माझी भाची संगणकातली. तिने वहिनींना आधी स्वतःची साधी वेबसाइट करून दिली. ‘साधी’ म्हणजे छापील पुस्तकासारखी. पानं आधीच तयार करून ठेवायची, उघडणाऱ्याला ती जशीच्या तशी दिसतात. अशी पानं फुकट ठेवू देणाऱ्या सोयी आहेत. स्वतःच्या नावाचा पत्ता घेतला, तर त्याचे तेवढे दरवर्षी पैसे भरायचे. सगळ्या पानांची प्रत आपल्या संगणकावर राहते. एक सोय बंद पडली, तर पानं उचलून दुसरीकडे नेता येतात.

‘‘पण तिथे येणार कोण? बोलणार कोण?’’ वहिनींचा प्रश्न रास्त होता. छापील पान बोलत नाही.

त्यावर उपाय म्हणजे मॅस्टोडॉन. जर्मनीत राहणाऱ्या यूजेन रॉचको या तरुणाने ते २०१६ मध्ये सुरू केलं. त्याला एक मालक नाही. जगभर त्याची हजारो छोटी केंद्रं आहेत, कुणी हौसेने चालवतं, कुणी संस्था चालवते. जीमेलवरून याहूवाल्याला पत्र जातं ना, तसं एका केंद्रावरची बाई दुसऱ्या केंद्रावरच्या बाईशी बोलू शकते. त्यासाठीची समाईक बोली म्हणजे ‘अ‍ॅक्टिव्हिटीपब’. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तिला २०१८ मध्ये मान्यता दिली. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ट्विटरवर नाराज झालेल्या बऱ्याच भारतीयांनीही मॅस्टोडॉनवर खाती उघडली होती.

आता वहिनींच्या वेबसाइटवर नवी ओवी चढली, की तिचा दुवा मॅस्टोडॉनवर आपोआप जातो. तिथे कुणी उत्तर दिलं, तर एक छोटा प्रोग्राम ते आणून मूळ ओवीखाली दाखवतो. ‘ब्रिजी फेड’ नावाचा एक पूलही आहे. त्यावरून लोक थेट वेबसाइटलाच फॉलो करू शकतात, वेगळं खातं लागत नाही.

मात्र इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. छोटं केंद्र चालवणारा थकला, तर तेही बंद पडतं. आधी कळलं तर दुसऱ्या केंद्रावर बिऱ्हाड हलवता येतं आणि आपले फॉलोअर सोबत येतात. जुनं लिखाण मात्र येत नाही. म्हणूनच मूळ लेखन आपल्या घरी हवं. शिवाय एकदा गावोगावी गेलेला मजकूर आपण पुसला, तरी सगळीकडून पुसला जाईलच असं नाही. त्यामुळे लेकी-सुनांचे फोटो, घरचा पत्ता यांपासून चार हात लांबच राहिलेलं बरं. केंद्र निवडताना त्याचे नियम वाचा. त्रास देणाऱ्यांना ते बाहेर काढतं का, हे आधी बघा.

वहिनींनी आता त्या दोन आजींच्या लेकींकडे जाणं सुरू केलंय. आईच्या ओव्यांतल्या निम्म्याशिम्म्या त्यांना आठवतात. आठवेल ती ओवी वहिनी आधी वहीत उतरवतात, मग वेबसाइटवर चढवतात. मॅस्टोडॉनवरच्या गप्पा त्यानंतर.