भट्टीवरची वाफ आणि विहिरीचे पाणी

मार्च उजाडला की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील डोंगरउतारांवर काजूचे बोंडू पिकू लागतात आणि खोपटांतून भट्ट्या पेटतात. बोंडू तुडवून काढलेला रस काही दिवस आंबवावयाचा, तो ‘भाण’ नावाच्या मोठ्या भांड्यात उकळावयाचा आणि वर येणारी वाफ नळीने ‘लावणी’ या दुसऱ्या भांड्यात नेऊन निववावयाची, एवढीच ही क्रिया. पहिला उतारा तो हुर्राक. हुर्राक व आंबलेला रस एकत्र करून पुन्हा उकळला की जो उतारा पडतो ती, २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली, काजूची फेणी. जुन्या पद्धतीच्या भट्टीपाशी नवखा पाहुणा जाळाकडे पाहत राहतो. भट्टीवाल्याचे लक्ष लावणीकडे असते. तिच्यावर तो सारखे थंड पाणी ओतीत असतो. एवढ्याशा भांड्याला एवढे पाणी कशासाठी?

याचा उलगडा स्कॉटलंडात झाला; तोही मद्य गाळणाऱ्यांचाच मुलूख! ग्लासगो विद्यापीठातील अध्यापक जोसेफ ब्लॅक यांनी १७६२ साली पत्र्याच्या भांड्यात थोडे पाणी घेऊन ते लालबुंद तापलेल्या लोखंडावर ठेविले. सुमारे १० अंश सेंटिग्रेडचे ते पाणी ४ मिनिटांत उकळू लागले. सारे आटावयास मात्र आणखी २० मिनिटे लागली. आंच तीच, तरी पाणी १०० अंशांपुढे तापले नाही. मग ती उष्णता गेली कोठे? वाफेत जाऊन दडली, असा ब्लॅक यांनी निर्णय केला. हीच सुप्त उष्णता. पाणी ९० अंश तापावयास जेवढा वेळ, त्याच्या पाचपट आटावयास. म्हणजे ९० गुणिले ५, अर्थात ४५०. आजचा आकडा ५४० आहे. घड्याळ आणि तापमापक एवढ्याच साधनांवर काढलेले हे उत्तर मुळीच वाईट नव्हे.

१ किलो पाणी १ अंशाने तापविणारी उष्णता म्हणजे १ किलोकॅलरी. १ किलो पाण्याच्या वाफेत अशा ५४० किलोकॅलरी दडलेल्या असतात, मद्यार्काच्या वाफेत सुमारे २०४. वाफेचा पुन्हा द्रव होताना ही सारी ठेव लावणीच्या अंगावर परत येते आणि ती कोणीतरी वाहून न्यावी लागते. हुर्राकात मद्यार्क वजनाने सुमारे १२ टक्के, फेणीत सुमारे ३६ टक्के. हिशेब केला तर १ किलो हुर्राकामागे ५०० आणि १ किलो फेणीमागे ४२० किलोकॅलरी निघतात. ओतलेले पाणी २८ अंशांवरून ४८ अंशांवर गेले, तर पहिल्यास २५ लिटर आणि दुसरीस २१ लिटर पाणी हवे. म्हणजे जहाल फेणीपेक्षा सौम्य हुर्राकच अधिक तहानलेला! ही कमाल मर्यादा समजावी, कारण काही उष्णता वाराही नेतो. शिवाय ओल्या मडक्यावरून उडून जाणारे १ किलो पाणी सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जाते; नुसते २० अंश तापून खाली ओघळणारे पाणी अवघ्या २०.

हंगाम मार्च ते मे, म्हणजे नेमका विहिरी खोल जाण्याचा. तेव्हा पाणी कसे वापरावे, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. आता पुष्कळ ठिकाणी मडक्याच्या जागी तांब्याचे भाण आणि पाण्याच्या टाकीत बुडविलेली तांब्याची वेटोळी नळी आली आहे. भाजलेल्या मातीपेक्षा तांबे उष्णता शेकडो पटींनी अधिक वाहते. परंतु टाकीतले तापलेले पाणी वर चढते व थंड पाणी तळाशी राहते. म्हणून ताजे पाणी तळाशी सोडावे आणि कढत पाणी वरून वाहू द्यावे. वरून बादली ओतली तर थंड आणि ऊन पाणी एकत्र होऊन निम्मा लाभ बुडतो.

जाळ वाढविला की काम लवकर उरकेल, ही समजूतही तपासून पाहावी. उकळता रस अधिक जाळाने फारसा अधिक तापत नाही. केवळ वाफ अधिक वेगाने सुटते आणि प्रत्येक किलो वाफ आपल्या ४००-५०० किलोकॅलरी लावणीवर आणून टाकते. पाणी तेवढ्या वेगाने पडले नाही तर वाफ न निवताच बाहेर निसटते. तिच्याबरोबर मद्यार्क जातो, आणि चूल जवळच असल्याने ती पेट घेण्याचेही भय असते. अशा वेळी विहिरीकडे धावण्यापेक्षा चुलीतले एक लाकूड मागे ओढणे स्वस्त पडते.