अपरिचित नावाचे घड्याळ घ्यावे काय ?

केवळ वेळ पाहता यावी म्हणून मनगटी घड्याळ विकत घेण्याचे दिवस आता राहिले नाहीत. ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल असतो व तो कोणत्याही घड्याळाहून बिनचूक वेळ दाखवितो. असे असूनही मुंज, लग्न, पहिली नोकरी, साठीशांत अशा प्रसंगी घड्याळ देण्याची चाल आमच्या घराघरांतून टिकून आहे. आणि ती का टिकली हेही उघड आहे. अंगठी वगळली तर पुरुषमाणसाच्या अंगावर वर्षानुवर्षे राहील अशी दुसरी वस्तूच नाही. तेव्हा घड्याळ घ्यावे की नाही, हा वाद नसून कोणते घ्यावे, हा आहे. व तो अलीकडे बराच अवघड होऊन बसला आहे.

एके काळी तो इतका अवघड नव्हता. बंगळूर येथे १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एच. एम. टी. चा घड्याळांचा कारखाना निघाला, आणि पुढे दोन-तीन दशके 'जनता', 'पायलट', 'कोहिनूर' हीच नावे मध्यम स्थितीतील गृहस्थांच्या मनगटावर दिसत. १९८४ साली टायटन कंपनी स्थापन झाली व तिच्या सेलवरच्या घड्याळांनी चावी देण्याचा नित्यनेम बंद पाडला. एच. एम. टी. ची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला. आज मात्र दहा-पंधरा हजारांपासून तीस हजारांपर्यंतच्या पट्ट्यात इतकी नवनवी नावे आढळतात की, वाडवडिलांनी ज्यांचा उच्चारही ऐकला नसेल.

आमच्या बाळकुमातील एका एकत्र कुटुंबात यावरूनच मतभेद उत्पन्न झाला. धाकट्या नातवास नोकरी लागली. दोन काका, आत्या व मामा यांनी मिळून वीस हजार रुपये जमविले व घड्याळ त्याचे त्यानेच निवडावे असे ठरले. त्याने निवडलेले नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हते. ''ना नाव ना गाव, आणि त्याला वीस हजार मोजायचे ?'' असे आजोबा म्हणाले. ''एवढ्यात टायटनची चार येतील,'' असे काकूंचे म्हणणे पडले. मुलगा आजोबांपुढे उलट बोलणारा नव्हे. तो गप्प बसला. पण गप्प बसणे म्हणजे पटणे नव्हे, आणि चारचौघांनी हौसेने दिलेली वस्तू मन मारून हातावर बांधावी, हेही बरे नव्हे. प्रकरण आमच्याकडे आले, म्हणून आम्ही त्याचा थोडा खोलात जाऊन विचार केला.

न्यायशास्त्रात शब्द हे एक प्रमाण मानले आहे, परंतु तो शब्द आप्ताचा असला तरच. घड्याळाच्या तबकडीवरील नाव हेही एक प्रकारचे शब्दप्रमाणच होय. ते मानण्यापूर्वी बोलणारा आप्त आहे किंवा नाही हे पाहिले पाहिजे. आणि केवळ आपण नाव ऐकले आहे एवढ्याने कोणी आप्त ठरत नाही. आमच्या मुंबईचीच दोन उदाहरणे पहा. वेस्ट एंड वॉच कंपनी हे नाव १८८६ पासूनचे. घड्याळे स्वित्झर्लंडची, पण तबकडीवर 'बॉम्बे-कलकत्ता' अशी अक्षरे असावयाची. पलटणीतील शिपाई व रेल्वेतील नोकरदार यांच्यात हे नाव सर्वतोमुखी होते. हे नाव आजही चालू आहे. तथापि आजच्या पंचवीस वर्षांच्या मुलास ते विचाराल तर तो तुमच्या तोंडाकडे पाहील. दुसरे फावर-ल्युबा. मूळ १७३७ चे हे स्विस घराणे. १८६५ त त्याने मुंबईस बस्तान बसविले, व पुढे त्याचे 'सी किंग' हे घड्याळ कित्येकांच्या लग्नात सासऱ्याकडून आले. तेच नाव २०११ मध्ये टायटनने विकत घेतले व २०२३ मध्ये ते पुन्हा हात बदलून इथॉस या भारतीय विक्रेत्या पेढीच्या घराण्यात गेले. नाव तेच राहिले, मालक बदलले आणि आतील यंत्रेही बदलली. तात्पर्य इतकेच की, नाव परिचित असणे हे पुष्कळदा पाहणाऱ्याच्या वयावर अवलंबून असते.

मग प्रत्यक्ष काय पहावयाचे ? आमच्या मते सर्वांत आधी यंत्र. पुष्कळ गृहस्थांस हे ठाऊक नसते की, मध्यम किमतीची घड्याळे काढणाऱ्या बहुतेक लहान कंपन्या यंत्र स्वतः बनवीतच नाहीत. जपानात सिटिझनची मियोटा व सायको, स्वित्झर्लंडात एटा व सेलिटा, अशा मोजक्या कारखान्यांतून ते विकत घेतले जाते. एकाच गिरणीचे सूत घेऊन चार पेढ्यांनी आपापल्या छापाची धोतरे काढावी, तसाच हा प्रकार. जयपूर वॉच कंपनी किंवा बंगळूर वॉच कंपनी या आपल्याकडील नव्या पेढ्यांनीही परदेशी यंत्रांवरच आपली घड्याळे उभी केली आहेत, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. लबाडी आहे ती यंत्राचे नाव झाकून ठेवण्यात. 'जपानी मूव्हमेंट' एवढे मोघम लिहिले असेल तर ते पुरेसे समजू नये. कोणत्या कारखान्याचे, कोणत्या क्रमांकाचे, हे विचारावे. 'स्विस मेड' ही अक्षरे मात्र कायद्याने बांधलेली आहेत; २०१७ पासून घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा निदान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडात झाल्यावाचून ती छापता येत नाहीत.

आमच्या नातवाच्या निवडीत सायकोचे एन. एच. ३५ हे यंत्र होते. मनगटाच्या हालचालीने त्यास आपोआप चावी बसते, २४ माणके आहेत, सेकंदास सहा ठोके पडतात, आणि हातातून काढून ठेवले तरी ते सुमारे ४१ तास चालते. कारखाना स्वतःच सांगतो की, ते दिवसास २० सेकंद मागे किंवा ४० सेकंद पुढे जाऊ शकेल. हे ऐकून आजोबा चमकले. आम्ही त्यांस जुन्या मापात सांगितले : २४ मिनिटांची घटिका, तिचा साठावा भाग पळ, म्हणजे २४ सेकंद, अर्थात हे यंत्र फार चुकले तर अहोरात्रात पावणेदोन पळे चुकेल. घंगाळातील पाण्यात घटिकापात्र सोडून ज्यांनी लग्नघटिका साधल्या, त्यांना एवढे सूक्ष्म माप हाती लागते तर त्यांनी आनंदच मानला असता ! परंतु ठाण्याच्या माणसाचा हिशोब निराळा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून पहिली आगगाडी येथे आली, तेव्हापासून हे शहर मिनिटाला बांधलेले आहे. रोज ४० सेकंद म्हणजे आठवड्यास साडेचार मिनिटांहून अधिक, आणि तेवढ्यात दोन लोकल निघून जातात. सेलवरच्या घड्याळातील स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्यामुळे साधेसुधे घड्याळही महिन्यास पंधरा-वीस सेकंदांपलीकडे सहसा चुकत नाही. म्हणून आम्ही काकूंचे म्हणणे अर्धे मान्य करतो. ज्यास केवळ अचूक वेळ हवी आणि दर रविवारी काटे लावण्याचा कंटाळा आहे, त्याने पाच हजारांच्या आतले सेलचे घड्याळ घ्यावे व उरलेले पैसे टपालखात्यात ठेवावे.

यंत्रानंतर काच. वाळूचा कण साध्या काचेहून कठीण असतो, म्हणून ती वर्षभरात ओरखड्यांनी मंद होते. कृत्रिम नीलमण्याची, म्हणजे सफायरची काच वाळूहून कठीण, तिला सहसा चरा पडत नाही. वीस हजार मोजताना हीच मागावी, व 'सफायर कोटेड' या शब्दांस भुलू नये. तो नुसता लेप होय. पाण्याविषयी तर फारच गैरसमज आहे. '३० मीटर' याचा अर्थ तीस मीटर पाण्यात जाता येते असा नसून हात धुताना चार थेंब उडाले तर चालेल, इतकाच आहे. पोहावयाचे असेल तर १०० मीटरचे पाहिजे. बाळकुमात खाडी जवळ, पाऊस चार महिने. येथे कमी दर्जाच्या घड्याळाच्या काचेखाली आषाढातच वाफ धरते. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांचे असेच झाले. कंपनीस लिहावे तर खोक्यावरच्या पत्त्यावर कोणीच नव्हते. ठाण्याच्या एका वृद्ध घड्याळजीने डबी उघडली. आत मियोटाचे सर्वपरिचित यंत्र निघाले, म्हणून त्याने ते साफ करून रबरी कडे नवे घातले व घड्याळ चालू झाले. आतील यंत्र निनावी असते तर ते कपाटातच पडले असते.

यावरून पत्त्याचे महत्त्व लक्षात येईल. वेष्टित मालासंबंधीच्या २०११ च्या नियमांप्रमाणे खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयात करणाराचे नाव व पत्ता, माल आयात केलेला असल्यास मूळ देश, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे सर्व छापलेले असले पाहिजे. ते नसल्यास पुढे पाहण्याचे कारणच नाही. छापील किंमत साठ हजार आणि विक्री अठरा हजारांस, असा सौदा दिसला तर ते घड्याळ अठराच हजारांचे समजावे. बेचाळीस हजार वाचले असे घरी येऊन सांगू नये.

जुने नावाजलेले घड्याळ स्वस्तात घ्यावे, असा एक मधला मार्ग कित्येक सुचवितात. त्यात मोठा धोका आहे. जुन्या तबकड्या भडक रंगांत नव्याने रंगवून, निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून विकण्याचा धंदा येथे इतका फोफावला की, परदेशच्या संग्राहकांत अशा मालास 'मुंबई स्पेशल' असेच नाव पडले आहे. आमच्या शहराचे नाव अशा कामी प्रसिद्ध व्हावे याचे वाईट वाटते. आजोबांचे घड्याळ घरातच पडून असेल तर तेच साफ करून घ्यावे. परक्या आजोबांचे घेण्याच्या भानगडीत अजाण माणसाने पडू नये.

आता निकाल. मुलाने आमच्या सांगण्यावरून कंपनीस पत्र लिहिले. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले : यंत्राचा क्रमांक स्पष्ट, काच सफायरची, पाण्यास १०० मीटर, दोन वर्षांची हमी, दुरुस्तीचा पत्ता पुण्याचा. नाव अपरिचित असले तरी असे उत्तर देणारास आम्ही आप्त मानतो, व वीस हजार ही किंमतही आम्हांस वावगी वाटत नाही. हेच यंत्र घालून कोणी चाळीस हजार मागितले असते तर आम्ही नाही म्हटले असते, कारण वरचे वीस हजार केवळ तबकडीच्या रंगाचे झाले असते. मात्र हे घड्याळ पुढे विकून पैसे उभे राहतील अशी आशा कोणी धरू नये. ते सोने नव्हे. मोडीत त्याला विचारणारा मिळणार नाही, आणि चार-पाच वर्षांनी एकदा साफसफाईचा खर्च येईल तो वेगळाच. आजोबांनी हे सर्व ऐकून घेतले, पत्र स्वतः दोनदा वाचले आणि मग खरेदीस संमती दिली. मामांना अजून पटलेले नाही.

एवढे एक सांगावयाचे राहिले. या घड्याळांबरोबर बहुधा चामड्याचा पट्टा येतो. आमच्या हवेत तो घामाने व पावसाने एका वर्षात कुजतो व त्यास वास येऊ लागतो. ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत तो काढून कोरड्या डब्यात ठेवावा व त्याच्या जागी पोलादी साखळी अगर रबरी पट्टा लावावा. पट्ट्याची रुंदी घड्याळाच्या दोन शिंगांमधील अंतरावर ठरते. ती २० किंवा २२ मिलिमीटर अशी सरसकट मापाची असेल तर कोठेही दुसरा मिळतो, म्हणून घड्याळ घेतानाच तीही मोजून घ्यावी.